वैद्यकीय परवाना परीक्षांची वैधता

वैद्यकीय परवाना परीक्षा म्हणजे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या व्यक्तीस रुग्णांवर स्वतंत्रपणे उपचार करण्याचा कायदेशीर अधिकार देण्यापूर्वी घेतली जाणारी परीक्षा होय. या परीक्षेतील गुणांवरून परीक्षार्थी पुढे सक्षम डॉक्टर होईल की नाही, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष कितपत समर्थनीय आहे, यास परीक्षेच्या वैधतेचा प्रश्न म्हणतात. सर्व परीक्षार्थींना, ते कोणत्याही देशात शिकलेले व कोणत्याही समाजातील असले तरी, एकाच मापाने मोजले जाते की नाही, हा त्याला जोडून येणारा न्याय्यतेचा प्रश्न आहे.

परवाना परीक्षेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपुऱ्या क्षमतेची व्यक्ती उत्तीर्ण झाल्यास त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागते. सक्षम व्यक्ती अनुत्तीर्ण झाल्यास तिची अनेक वर्षांची मेहनत व कुटुंबाचा खर्च वाया जातो आणि समाज एका डॉक्टरला मुकतो. एक चूक कमी करण्यासाठी उत्तीर्णतेची मर्यादा वर किंवा खाली सरकवली, की दुसरी चूक वाढते. त्यामुळे या परीक्षांविषयीचा वाद केवळ तांत्रिक राहत नाही.

इतिहास

वैद्यांची परीक्षा घेऊन त्यांना व्यवसायाची अनुमती देण्याची प्रथा जुनी आहे. अरबी इतिहासकारांच्या वृत्तान्तानुसार इ.स. ९३१ मध्ये बगदाद येथे एका रुग्णाचा चुकीच्या उपचाराने मृत्यू झाल्यावर खलिफा अल-मुक्तदिर याने शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याचे काम सिनान इब्न साबित या राजवैद्याकडे सोपवले. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याने ११४० मध्ये परीक्षेविना वैद्यकी करण्यास मनाई केली.

आधुनिक काळात ब्रिटनमध्ये १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिलची स्थापना झाली व पात्र डॉक्टरांची नोंदवही ठेवण्यास सुरुवात झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या खटल्यात वैद्यकीय परवाना सक्तीचा करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. भारतात मुंबई प्रांताने १९१२ मध्ये वैद्यकीय कायदा करून डॉक्टरांच्या नोंदणीची व्यवस्था केली. कॅनडाची वैद्यकीय परिषदही १९१२ चीच आहे. अमेरिकेत १९१५ साली नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या परीक्षा आणि राज्य मंडळांच्या महासंघाची परीक्षा या पूर्वी वेगवेगळ्या होत्या. त्यांच्या जागी १९९२ पासून युनायटेड स्टेट्स मेडिकल लायसेन्सिंग एक्झामिनेशन, संक्षेपाने यूएसएमएलई, ही सामाईक परीक्षा टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या परीक्षांत दीर्घोत्तरी प्रश्न, तोंडी परीक्षा व रुग्णाशेजारी घेतलेली चाचणी यांचा भरणा असे. एकाच उत्तरास निरनिराळे परीक्षक बरेच वेगळे गुण देतात, असे आढळल्यामुळे बहुपर्यायी प्रश्नांकडे कल वाढला. त्यामुळे गुणांची विश्वसनीयता वाढली. मात्र जे सहज मोजता येते तेच मोजले जाऊ लागले, अशी टीकाही तेव्हापासून होत आली आहे.

परवाना देण्याच्या पद्धती

सर्व देशांत स्वतंत्र परवाना परीक्षा नसते. जगातील पद्धती स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिल्या प्रकारात देशात शिकलेल्या व परदेशात शिकलेल्या सर्व पदवीधरांना राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. अमेरिका, जपान व चीन ही याची उदाहरणे होत. चीनमध्ये अशी राष्ट्रीय परीक्षा १९९९ पासून घेतली जाते. जपानमधील परीक्षा वर्षातून एकदा होते व तिच्यात बहुसंख्य परीक्षार्थी उत्तीर्ण होतात.

दुसऱ्या प्रकारात देशांतर्गत पदवीधरांना विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेच्या आधारे नोंदणी मिळते, तर परदेशी पदवीधरांसाठी वेगळी परीक्षा असते. भारतातील आजवरची पद्धत या प्रकारची आहे. ब्रिटनमध्येही १९७५ पासून परदेशी पदवीधरांसाठी ‘प्लॅब’ ही परीक्षा होती व ब्रिटिश विद्यापीठांच्या पदवीधरांना ती द्यावी लागत नसे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तेथे पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मेडिकल लायसेन्सिंग असेसमेंट हे सामाईक मूल्यमापन बंधनकारक झाले असून प्लॅबचा आराखडा त्याच्याशी जुळवून घेण्यात आला आहे.

तिसऱ्या प्रकारात मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी हाच परवान्याचा मुख्य आधार असतो आणि नियामक संस्था परीक्षेपेक्षा महाविद्यालयांच्या तपासणीवर भर देते.

वैधतेची संकल्पना

परीक्षा ‘वैध आहे’ किंवा ‘अवैध आहे’ असे सरसकट म्हणणे मापनशास्त्रात योग्य मानले जात नाही. गुणांवरून काढलेला विशिष्ट निष्कर्ष वैध आहे का, हे तपासले जाते. ‘हा विद्यार्थी देखरेखीखाली रुग्णसेवा सुरू करण्याइतका जाणकार आहे’ असा निष्कर्ष एखाद्या गुणांवरून काढता येईल. ‘हा विद्यार्थी त्या विद्यार्थ्यापेक्षा चांगला शल्यचिकित्सक होईल’ असा निष्कर्ष त्याच गुणांवरून काढता येईलच असे नाही.

अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा मनोरा या संदर्भात नेहमी वापरला जातो. ‘माहीत आहे’, ‘कसे करायचे ते माहीत आहे’, ‘करून दाखवतो’ आणि ‘प्रत्यक्ष व्यवसायात करतो’ अशा या पायऱ्या आहेत. साधा बहुपर्यायी प्रश्न पहिली पायरी तपासतो. रुग्णाचा वृत्तान्त देऊन निदान किंवा पुढील उपाय विचारणारा प्रश्न दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचतो. अभिनेत्याने साकारलेला रुग्ण तपासण्याची परीक्षा तिसरी पायरी गाठते. चौथी पायरी मात्र परीक्षागृहात तपासता येत नाही. रात्रपाळीच्या पंधराव्या तासाला, दोन आपत्कालीन रुग्ण एकाच वेळी आले असता डॉक्टर कसा वागतो, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत उतरत नाही.

याखेरीज दोन दोष वैधतेस बाधा आणतात. क्षमतेचा महत्त्वाचा भाग परीक्षेतून सुटणे हा पहिला दोष होय. संवाद, सचोटी, सहकाऱ्यांशी वागणूक, स्वतःच्या मर्यादांची जाण या बाबी लेखी परीक्षेत जवळजवळ येतच नाहीत. क्षमतेशी संबंध नसलेल्या गोष्टींचा गुणांवर परिणाम होणे हा दुसरा दोष होय. परीक्षेच्या भाषेत वाचण्याचा वेग, संगणकावर परीक्षा देण्याचा सराव, महागड्या शिकवणी वर्गांची उपलब्धता, परीक्षा केंद्राचे अंतर ही त्याची उदाहरणे आहेत.

उत्तीर्णतेची मर्यादा व मापनातील त्रुटी

मर्यादा ठरवण्याच्या पद्धतींपैकी विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत विशेष प्रचलित आहे. तिच्यात अनुभवी डॉक्टरांचे मंडळ जेमतेम पात्र ठरेल अशा काल्पनिक परीक्षार्थीचा विचार करते. असे १०० परीक्षार्थी असतील तर त्यांपैकी किती जण अमुक प्रश्नाचे उत्तर बरोबर देतील, याचा अंदाज प्रत्येक सदस्य बांधतो. या अंदाजांच्या सरासऱ्यांवरून मर्यादा निघते. प्रश्नपत्रिका अवघड असेल तर मर्यादा आपोआप खाली येते, हा या पद्धतीचा फायदा आहे. अंतिमतः ती माणसांच्या मतांवर उभी आहे, ही तिची मर्यादा आहे. याउलट नियमातच ५० टक्के अशी ठरावीक मर्यादा असल्यास, प्रत्येक फेरीतील प्रश्नांची काठिण्यपातळी सारखी राखण्याची जबाबदारी वाढते. तसे न झाल्यास निकाल परीक्षार्थीच्या तयारीइतकाच त्या फेरीच्या प्रश्नपत्रिकेवरही अवलंबून राहतो.

प्रत्येक मापनात काही त्रुटी असते. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे तीन अंकी गुण जाहीर होत असत, तेव्हा त्यांची प्रमाण त्रुटी सुमारे ६ गुण असल्याचे परीक्षा यंत्रणेनेच म्हटले होते. २०२२ च्या आरंभी या टप्प्याची मर्यादा १९४ वरून १९६ करण्यात आली. ज्याची खरी पातळी नेमकी १९६ आहे, अशा परीक्षार्थीची अनुत्तीर्ण होण्याची शक्यता साधारण निम्मी असते. खरी पातळी २०२ असली तरी एका प्रयत्नात अपयश येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के राहते.

हीच त्रुटी उलट दिशेनेही काम करते. खरी पातळी मर्यादेच्या एक प्रमाण त्रुटी खाली असलेल्या परीक्षार्थीस एका प्रयत्नात यश मिळण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. त्याच्या ज्ञानात काहीही भर पडली नाही असे गृहीत धरले, तरी चार स्वतंत्र प्रयत्नांत एकदा तरी उत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे ५० टक्के होते. प्रयत्नांच्या संख्येवर बंधन घालण्यामागे हे एक कारण आहे. यूएसएमएलईच्या प्रत्येक टप्प्यासाठी पूर्वी सहा प्रयत्नांची मुभा होती. २०२१ मध्ये ती चारवर आणण्यात आली.

गुण आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा

परवाना परीक्षेतील गुणांचा पुढील रुग्णसेवेशी संबंध आहे का, याचा अभ्यास प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत झाला आहे.

कॅनडातील रॉबिन टॅम्ब्लिन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात क्यूबेक प्रांतातील ९१२ कुटुंबवैद्यांच्या परवाना परीक्षेतील गुणांची त्यांच्या व्यवसायाशी तुलना केली. जास्त गुण मिळवणाऱ्या डॉक्टरांकडून स्तनाच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीसारख्या प्रतिबंधक सेवांचा वापर अधिक होत होता आणि हा संबंध व्यवसायाच्या पहिल्या चार ते सात वर्षांपर्यंत टिकून होता. याच गटाने २००७ मध्ये ओंटारिओ व क्यूबेकमधील ३,४२४ डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कौशल्यपरीक्षेतील रुग्णसंवादाच्या भागात कमी गुण मिळालेल्या डॉक्टरांविरुद्ध नियामक संस्थांकडे पुढील काळात अधिक तक्रारी आल्या, असे त्यात दिसून आले.

जॉन नॉर्सिनी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील, हृदयविकाराचा झटका किंवा हृदय निकामी होणे या कारणांनी रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे ६०,००० प्रकरणांची छाननी केली. यांवर उपचार करणारे डॉक्टर परदेशात शिकलेले होते. यूएसएमएलईच्या दुसऱ्या टप्प्यातील वैद्यकीय ज्ञानाच्या परीक्षेत मिळालेल्या प्रत्येक अधिक गुणामागे रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमाणात ०.२ टक्क्याची सापेक्ष घट आढळली.

या निष्कर्षांवरून परीक्षा निरर्थक नाहीत, एवढे म्हणता येते. तरीही त्यांना तीन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे हे संबंध गटांच्या सरासरीबाबत खरे असले, तरी एकट्या डॉक्टरविषयी भाकीत करण्याइतके बळकट नाहीत. दुसरी म्हणजे अभ्यास केवळ उत्तीर्णांचा होतो. अनुत्तीर्ण राहिलेल्यांना व्यवसायच करता येत नसल्यामुळे त्यांनी रुग्णांवर कसे उपचार केले असते, हे कधीच कळत नाही. मर्यादा योग्य ठिकाणी आहे का, हा प्रश्न त्यामुळे प्रत्यक्ष पुराव्याने सुटत नाही. तिसरी म्हणजे उत्तम गुण मिळवणाऱ्यांना बहुधा चांगल्या रुग्णालयांत प्रशिक्षण मिळते. पुढे दिसणाऱ्या फरकात परीक्षेने मोजलेल्या ज्ञानाचा वाटा किती व प्रशिक्षणाचा किती, हे वेगळे करणे कठीण असते.

कौशल्यपरीक्षा

लेखी परीक्षेतील उणीव भरून काढण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सा परीक्षेची पद्धत मांडली. तिच्यात परीक्षार्थी ठरावीक वेळेने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो. प्रत्येक ठिकाणी रुग्णाची माहिती घेणे, छाती तपासणे, वाईट बातमी सांगणे असे एकेक काम असते व प्रत्येकाला सारखीच कामे मिळतात. प्लॅबचा दुसरा भाग मँचेस्टर येथे याच पद्धतीने होतो.

अमेरिकेत यूएसएमएलईच्या दुसऱ्या टप्प्यात २००४ साली अशी कौशल्यपरीक्षा समाविष्ट करण्यात आली. ती देशातील केवळ पाच शहरांत होत असे. शुल्क हजार डॉलरांहून अधिक असून प्रवास व निवासाचा खर्च वेगळा होता. देशांतर्गत विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे तिच्यात अनुत्तीर्ण होत. त्या थोड्यांना शोधण्यासाठी सर्वांवर पडणारा खर्च समर्थनीय नाही, अशी टीका २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकातील लेखात करण्यात आली. कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये ही परीक्षा स्थगित झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची बंद करण्यात आली. कॅनडातही परवाना परीक्षेचा कौशल्यविषयक दुसरा भाग त्याच वर्षी रद्द झाला.

संवादकौशल्यातील गुण व नंतरच्या तक्रारी यांचा संबंध याच प्रकारच्या परीक्षेतून दिसला होता. त्यामुळे या निर्णयांवर मतभेद आहेत. समर्थकांच्या मते हे कौशल्य महाविद्यालयानेच वर्षानुवर्षे पाहून तपासावे. विरोधकांच्या मते स्वतःच्या विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण करण्यास महाविद्यालये कचरतात, म्हणूनच बाहेरच्या परीक्षेची गरज असते.

गुणांचा दुय्यम वापर

यूएसएमएलईचा पहिला टप्पा शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र इत्यादी मूलभूत विषयांवर आहे. किमान पात्रता तपासणे हा त्याचा उद्देश. तथापि, निवासी प्रशिक्षणाच्या एकेका जागेसाठी शेकडो अर्ज येऊ लागल्यावर रुग्णालये याच गुणांच्या आधारे अर्ज गाळू लागली. त्वचारोग किंवा अस्थिशल्यचिकित्सा यांसारख्या मागणी असलेल्या शाखांसाठी उत्तीर्णतेच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक गुण आवश्यक समजले जाऊ लागले. विद्यार्थी महाविद्यालयीन अध्यापन व रुग्णकक्ष सोडून खाजगी प्रश्नपेढ्यांच्या सरावात गुंतले. मानसिक ताणाच्या तक्रारीही वाढल्या.

मर्यादेच्या आसपास अचूक असावी म्हणून रचलेली परीक्षा वरच्या गुणांतील बारीक फरक ओळखण्यासाठी वापरणे हा वैधतेच्या दृष्टीने निराळा दावा ठरतो व त्यासाठी निराळा पुरावा लागतो. तो पुरेसा नसल्याचे मत बळावल्यावर २०१९ मध्ये संबंधित संस्थांची परिषद झाली. २६ जानेवारी २०२२ पासून पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा दिला जातो. दुसऱ्या टप्प्यातील ज्ञानपरीक्षेचे गुण मात्र अंकांतच जाहीर होतात. त्यामुळे स्पर्धेचा ताण नाहीसा न होता तिकडे सरकला, अशी टीका होते. नामांकित महाविद्यालयांबाहेरील व परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःची गुणवत्ता दाखवण्याचे एक साधन यामुळे गमवावे लागले, असेही मत व्यक्त झाले आहे.

न्याय्यतेविषयीचे वाद

गटांमधील फरक. अनेक परवाना परीक्षांत निरनिराळ्या सामाजिक गटांच्या सरासरी गुणांत फरक आढळतो. केवळ फरक असणे म्हणजे परीक्षा पक्षपाती असणे नव्हे, कारण आधीच्या शिक्षणातील विषमता गुणांत उतरू शकते. म्हणून एकूण क्षमता सारखी असलेल्या दोन गटांतील परीक्षार्थींना एखादा प्रश्न वेगवेगळा अवघड जातो का, हे सांख्यिकी पद्धतीने तपासले जाते. असे प्रश्न तज्ज्ञांकडे पाठवून गरजेनुसार वगळतात. ही तपासणी एकेका प्रश्नातील दोष पकडते. संपूर्ण परीक्षाच एका गटास प्रतिकूल असेल, तर तो दोष तिच्यातून निसटू शकतो.

ब्रिटनमधील खटला. ब्रिटनमध्ये कुटुंबवैद्य म्हणून काम करण्यासाठी रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सची सदस्यत्व परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. तिच्यातील चिकित्साकौशल्याच्या भागात वांशिक अल्पसंख्याक व परदेशात शिकलेले डॉक्टर श्वेतवर्णीय ब्रिटिश पदवीधरांपेक्षा बरेच अधिक प्रमाणात अनुत्तीर्ण होत असल्याचे अनीस इस्माइल व ख्रिस रॉबर्ट्स यांच्या २०१३ मधील अभ्यासात आढळले. लेखी परीक्षेतील कामगिरीचा प्रभाव वगळल्यावरही हा फरक उरत होता. ब्रिटिश असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियन ओरिजिन या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने परीक्षा बेकायदेशीर नसल्याचा निर्णय दिला, मात्र ही तफावत दूर करण्यासाठी कॉलेजने पावले उचलावीत, असे सूचित केले.

त्याच वर्षी ख्रिस मॅकमॅनस व रिचर्ड वेकफर्ड यांनी प्लॅब उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरांची पुढील व्यावसायिक परीक्षांतील कामगिरी ब्रिटिश पदवीधरांपेक्षा सरासरीने कमी असल्याचे दाखवले. दोन्ही गट समान पातळीवर आणायचे तर प्लॅबची मर्यादा बरीच वाढवावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. मर्यादा वाढवल्यास परदेशी डॉक्टरांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला मनुष्यबळ कमी पडेल, ही त्यातील अडचण आहे.

नेपाळमधील निकाल. जानेवारी २०२४ मध्ये यूएसएमएलईच्या यंत्रणेने नेपाळशी संबंधित अनेक परीक्षार्थींचे पूर्वीचे निकाल अवैध ठरवले. प्रश्न आधीच फुटल्याचे गुणांच्या असामान्य आकृतिबंधावरून दिसते, असे कारण देण्यात आले. बाधित परीक्षार्थींपैकी काहींनी राष्ट्रीयत्वाच्या आधारे भेदभाव झाल्याचा आरोप करीत अमेरिकेच्या संघीय न्यायालयात धाव घेतली. त्यांना अंतरिम दिलासा मिळाला नाही. प्रश्नपेढी फुटल्यास प्रामाणिकपणे परीक्षा दिलेल्यांच्या गुणांवरही संशयाची सावली पडते आणि सांख्यिकी पुराव्यावरून एकेका व्यक्तीचा दोष सिद्ध करणे अवघड असते, हे या प्रकरणातून पुढे आले.

भारतातील स्थिती

भारतीय महाविद्यालयांतून एम.बी.बी.एस. उत्तीर्ण होणाऱ्यांना विद्यापीठाची अंतिम परीक्षा व एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता पूर्ण केल्यावर नोंदणी मिळत आली आहे. महाराष्ट्रात ही परीक्षा नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते व नोंदणीचे काम महाराष्ट्र वैद्यक परिषद पाहते.

परदेशात शिकलेल्या भारतीय नागरिकांसाठी २००२ पासून परदेशी वैद्यकीय पदवीधर परीक्षा आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळामार्फत ती वर्षातून दोनदा घेतली जाते. तिच्यात ३०० बहुपर्यायी प्रश्न असून उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ठरावीक अर्हता धारण करणाऱ्यांना तिच्यातून सूट देण्याची तरतूद आहे. रशिया, युक्रेन, चीन, किर्गिझस्तान, फिलिपाइन्स आदी देशांतून परतलेल्या विद्यार्थ्यांना ती द्यावी लागते. त्यांत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचाही समावेश असतो. अनेक फेऱ्यांमध्ये उत्तीर्णांचे प्रमाण एक-चतुर्थांशाहूनही कमी राहिले आहे.

या निकालांचे दोन अर्थ लावले जातात. परदेशातील काही महाविद्यालयांत रुग्णांशी संपर्क तोकडा असतो, स्थानिक भाषा पुरेशी न आल्याने विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलता येत नाही, आणि परीक्षा हीच उणीव उघड करते, असे समर्थक म्हणतात. परीक्षा संपूर्णतः लेखी असल्यामुळे रुग्ण तपासण्याचे कौशल्य ती मोजतच नाही, तसेच ठरावीक टक्केवारीच्या मर्यादेमुळे फेरीगणिक निकाल बदलतात, असे टीकाकार म्हणतात. तुलनेसाठी आवश्यक असलेली सर्वांत महत्त्वाची माहिती उपलब्ध नाही, हे दोन्ही बाजूंना अडचणीचे ठरते. भारतात शिकलेले पदवीधर ही परीक्षा देत नसल्यामुळे त्यांच्यापैकी किती जण त्याच प्रश्नपत्रिकेत उत्तीर्ण झाले असते, हे सांगता येत नाही. परिणामी कमी निकाल कितपत परीक्षार्थींच्या तयारीमुळे व कितपत प्रश्नांच्या काठिण्यामुळे लागतो, हे ठरवता येत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम १५ मध्ये यावर उपाय म्हणून ‘नेक्स्ट’ या नावाने ओळखली जाणारी सामाईक राष्ट्रीय निर्गम परीक्षा सुचवण्यात आली. ती भारतात व परदेशात शिकलेल्या सर्वांसाठी परवाना परीक्षा ठरावी आणि पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादीही तिच्यावरूनच लागावी, अशी तरतूद आहे. जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पहिल्या टप्प्यात औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, बालरोग, कान-नाक-घसा आणि नेत्ररोग या सहा प्रश्नपत्रिकांत मिळून ५४० बहुपर्यायी प्रश्न असतील. आंतरवासितेनंतरच्या दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिक परीक्षा असेल व तिचा निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच असेल. विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर जुलै २०२३ मध्ये ही परीक्षा पुढे ढकलण्यात आली.

सर्वांना एकच मोजपट्टी लावणे हा नेक्स्टचा न्याय्यतेच्या दृष्टीने मोठा गुण मानला जातो. किमान पात्रता व स्पर्धात्मक गुणानुक्रम ही दोन्ही कामे एकाच लेखी टप्प्यावर सोपवणे ही तिच्यावरील प्रमुख टीका आहे. अमेरिकेत परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जाहीर करणे ज्या कारणांसाठी थांबवण्यात आले, तीच कारणे येथेही उद्भवतील. अंतिम वर्षाचे विद्यार्थी व आंतरवासी रुग्णकक्षाऐवजी शिकवणी वर्गांत दिसतील, अशी भीती व्यक्त केली जाते. कमी अध्यापकसंख्या असलेल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना संस्थेच्या दोषाची शिक्षा होईल, असाही आक्षेप आहे. त्यावर, महाविद्यालयनिहाय निकाल जाहीर झाल्यास अशा संस्थांची उणीव उघडी पडेल, असे उत्तर दिले जाते.

भाषेचा प्रश्न

वरील बहुतेक परीक्षा त्या त्या देशाच्या वैद्यकीय शिक्षणाच्या भाषेत होतात. भारतातील परीक्षा इंग्रजीत असते, तर बहुसंख्य रुग्ण आपला त्रास मातृभाषेत सांगतात. ग्रामीण महाराष्ट्रात काम करणाऱ्या डॉक्टरला ‘छातीत कळ येते’, ‘पोटात गुबारा धरतो’ किंवा ‘अंगात कसर आहे’ यांतील भेद समजून घ्यावा लागतो. ही क्षमता निदानाच्या मुळाशी असली, तरी लेखी परवाना परीक्षेत तिला स्थान नाही. प्रात्यक्षिक परीक्षा स्थानिक रुग्णांवर घेतल्यास ती काही अंशी तपासली जाते. मात्र त्या वेळी प्रत्येक परीक्षार्थीस मिळणारा रुग्ण वेगळा असल्याने समानतेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पर्याय व सुधारणा

एकाच परीक्षेवर अवलंबून न राहता अनेक लहान मूल्यमापने दीर्घकाळ गोळा करून निर्णय घेण्याची पद्धत काही देशांत रूढ होत आहे. रुग्णकक्षातील प्रत्यक्ष निरीक्षण, सहकारी व परिचारिकांचे अभिप्राय, कामांची नोंदवही यांचा तिच्यात समावेश होतो. अशी पद्धत मिलरच्या मनोऱ्यातील चौथ्या पायरीजवळ जाते. तिला प्रशिक्षित निरीक्षक व वेळ लागतो, आणि परिचयामुळे होणारा पक्षपात टाळणे हे तिच्यापुढील आव्हान आहे. बाहेरून तपासली जाणारी निनावी परीक्षा नेमका हाच पक्षपात टाळण्यासाठी निर्माण झाली होती.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटी या संगणकीय प्रणालीने यूएसएमएलईच्या नमुना प्रश्नांत उत्तीर्णतेच्या मर्यादेजवळ गुण मिळवल्याचे दिसून आले. त्यानंतर केवळ माहिती आठवण्यावर आधारलेल्या प्रश्नांचे महत्त्व किती असावे, यावरील चर्चेस वेग आला.

परवाना परीक्षा किमान ज्ञानाची खात्री देणारी एक चाळणी म्हणून उपयुक्त आहे, याविषयी अभ्यासकांत बऱ्यापैकी एकमत आढळते. तिच्या गुणांवरून उत्तीर्णांची प्रतवारी लावणे आणि तिलाच डॉक्टरच्या संपूर्ण क्षमतेचे माप समजणे, या दोन बाबी मात्र विवाद्य राहिल्या आहेत.